बांधावरचं लाकूड: लावण्यापासून राखेपर्यंत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहोळ तालुक्यातल्या रानातल्या चार बाभळी गेल्या. कुणी लावलेल्या नव्हत्या, आपोआप उगवून वीसेक वर्षं बांधावर उभ्या होत्या. वडिलांनी एका व्यापाऱ्याला नगावर दिल्या, चारी मिळून नऊ हजार. दोन दिवसात मशीनचा करवत लावून पाडल्या, ट्रॉली भरली आणि गेली. नंतर कळलं की सगळं लाकूड वीटभट्टीत गेलं, फांद्या पण आणि बुंधे पण. बुंधे सरळ होते, नऊ फुटांपर्यंत फांदी नाही, घेर चार फूट. ज्या लाकडाचं औत झालं असतं, दाराची चौकट झाली असती, पन्नास वर्षं कुणाच्या तरी घरात राहिलं असतं, ते आठवड्यात जळून संपलं. नऊ हजार कमी की जास्त हे नंतर मी हिशोब करून बघितलं, तो हिशोब पण खाली देतोय, पण माझ्या डोक्यातनं ते बुंधे जात नाहीत.

तेव्हापासून वर्षभर मी याच विषयामागं आहे. सुतारांशी बोललो, लाकडाच्या वखारीत जाऊन बसलो, दोन ठिकाणी बांबू लावून बघितला, वेड्या बाभळीचा कोळसा करून बघितला. त्यातनं जे हाताला लागलं ते इथं लिहितोय, आपल्या सोलापुरातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समोर ठेवून.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, लाकूड परत येतं पण त्याला वेळ लागतो. दगडी कोळसा, डिझेल एकदा जाळलं की गेलं, लाकूड वीस वर्षांनी परत उभं राहतं म्हणून त्याला आपण नवीकरणीय म्हणतो. पण वीस वर्षांत वाढलेलं आठवड्यात जाळलं तर ते नावालाच नवीकरणीय. म्हणून लाकूड वापरायचा क्रम महत्त्वाचा. आधी जास्तीत जास्त वर्षं टिकेल असा वापर, म्हणजे घर, दार, औजार, फर्निचर. त्यातनं उरलेल्या तुकड्यांचे दांडे, खोकी, खुंट्या. त्यातनं उरलेला भुसा, ढलप्या आच्छादनाला नाहीतर पेलेटला, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्यांना. आणि जाळणं एकदम शेवटी. आपले जुने सुतार असंच करायचे, मोडक्या बैलगाडीच्या लाकडाचं जू व्हायचं, जू मोडलं की खुंटी, खुंटी तुटली की चूल. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं, म्हणजे एक किलो वाळक्या लाकडात हवेतला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. दार म्हणून उभं आहे तोवर तो बांधलेलाच राहतो, जाळला की त्याच दिवशी हवेत.

आता लोक विचारतात की पुढं लाकडाला मागणी राहणार का, सगळीकडं ॲल्युमिनियम, पीव्हीसी, लोखंड आलंय. माझं मत स्पष्ट आहे, मागणी वाढणार, फक्त वापर बदलणार. युरोपात ऑस्ट्रिया-जर्मनीत १९९० च्या दशकात फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून जाड पॅनल करायचं तंत्र निघालं, त्याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात, आणि असल्या चिकटवलेल्या लाकडाच्या आता अख्ख्या बिल्डिंगा होतात. नॉर्वेत २०१९ मध्ये १८ मजल्यांची ८५ मीटर उंच इमारत झाली, अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजल्यांची झाली, तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे. सिमेंट आणि स्टील बनवताना जो धूर होतो तो इथं बराच वाचतो. जपानमध्ये क्योटो विद्यापीठानं तर मॅग्नोलियाच्या लाकडाचा १० सेंटीमीटरचा उपग्रह केला आणि २०२४ मध्ये अंतराळात सोडला, स्क्रू नाही, गोंद नाही, खाचेत खाच बसवून, आपले सुतार देव्हारा करतात तसा. धातूचा उपग्रह परत येताना जळतो तेव्हा वर ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड राहते, लाकडाचा जळून जातो, म्हणून हा खटाटोप.

आणि सोलापूरकरांसाठी सगळ्यात जवळचं म्हणजे कापड. लाकडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं, आणि कापूस म्हणजे पण सेल्युलोजच. लाकडाचा लगदा करून त्यातनं धागा काढतात, व्हिस्कोज, मोडाल, लायोसेल ही सगळी त्याचीच नावं. मध्य प्रदेशात नागद्याला १९५० च्या दशकापासून व्हिस्कोजचा धागा बनतोय. दुकानात ‘बांबू टॉवेल’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बांबूच्या लगद्याचं व्हिस्कोजच असतं. लायोसेलमध्ये धागा काढायला वापरलेलं द्रावण जवळजवळ सगळं परत वापरता येतं म्हणून ते जास्त स्वच्छ. आपल्याकडं चादरी आणि टॉवेलचे माग आहेत, सूत कुठल्या झाडाचं येतंय याच्यावर इथल्या कारखानदारांनी आत्तापासून लक्ष ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लाकडातला दुसरा मोठा भाग म्हणजे लिग्निन, २० ते ३० टक्के, कागद करताना ते वेगळं काढून आत्तापर्यंत बॉयलरमध्येच जाळत आलेत, आता त्याच्यापासून चिकटवायचे गोंद आणि बॅटरीतला कार्बन करायचं काम चालू आहे.

बरं, आता रानात येऊ.

झाड कुठं लावायचं याच्या आधी कुठं लावायचं नाही ते सांगतो, कारण इथं चूक झाली तर नुसतं झाड नाही, सगळा माळ जातो. आपल्या जिल्ह्यात जंगल एक टक्का पण नाही, म्हणून दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी उठतं आणि उघडा माळ दिसला की खड्डे काढतं. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं ते गवताच्या माळासाठीच, आणि तिथं मधल्या काळात गिरिपुष्पासारखी झाडं लावली ती उलट माळढोकच्या मुळावर आली, कारण त्या पक्ष्याला लांबवर दिसेल असं मोकळं रान लागतं. काळवीट, लांडगा, धनगराची मेंढरं, सगळी या गवतावर. आणि गवत पण कार्बन धरतंच, फक्त वर दिसत नाही, मुळात धरतंय. तेव्हा माळावर पवन्या, मारवेल, कुसळी असलं गवत असेल तर तिथं झाड लावू नका, हात जोडून सांगतो. झाडासाठी जागा म्हणजे बांध, ओढ्याकाठ, विहिरीची कड, शेततळ्याचा भराव, रस्त्याकडची बाजू, घरामागचा परसू. आणि मुरूम काढून वाया गेलेली जमीन.

बांध कुठला घ्यायचा यात पण गंमत आहे आणि हे मला फार उशिरा कळलं. आपलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी, आणि रब्बीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडते. डिसेंबरात २० फुटी झाडाची सावली भर दुपारी सुद्धा १७ फुटांच्या आसपास असते. पूर्व-पश्चिम बांधावर झाडांची ओळ लावली तर त्याच्या उत्तरेचा पट्टा अख्खा हंगाम सावलीत, ज्वारी पोसतच नाही. दक्षिणोत्तर बांधावर लावली तर सावली सकाळी एकीकडं आणि दुपारनंतर दुसरीकडं फिरते, कुठलाच पट्टा कायम अंधारात राहत नाही. म्हणून पहिली पसंती दक्षिणोत्तर बांधाला. पूर्व-पश्चिमच असेल तर ज्या बांधाच्या उत्तरेला रस्ता, ओढा नाहीतर पड आहे तोच घ्या. आणि सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा, लावायच्या आधी चहाला बोलवा आणि तोडल्यावर वाटा किती हे पण तेव्हाच ठरवा, बांधाच्या वादात कोर्टाच्या तारखा किती पुढच्या पिढीपर्यंत जातात ते तुम्हाला माहितीच आहे.

मुळांचं पण बघा. झाडाच्या ओळीपासून पाच-सहा फुटांवर पिकाच्या बाजूनं दीड-दोन फूट खोल चर काढून ठेवला की मुळं पिकात कमी येतात, वर पावसाचं पाणी त्याच चरात मुरतं.

झाड कुठलं? आपला पाऊस वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर आणि तो पण लहरी, त्यामुळं कोकणातलं, मलबारातलं झाड बघून उड्या मारू नका. माझी पहिली पसंती रामकाठी बाभूळ. साध्या बाभळीचा फेर छत्रीसारखा पसरतो, रामकाठी सुरूसारखी सरळ वर जाते, सावली कमी, म्हणून बांधाला हीच. लाकूड कठीण, नांगर, कुळव, तिफण, गाडीचं चाक सगळं बाभळीचंच असायचं ते उगाच नाही. शेंगा शेळ्यांना, डिंक वेगळा, आणि मुळं जमिनीत नत्र धरतात. बी कडक असतं, नुसतं पेरलं तर उगवायला लै वेळ लावतं. जुने लोक शेळीच्या लेंड्यांतनं पडलेलं बी गोळा करून लावायचे, पोटातनं जाऊन आलेलं बी लवकर उगवतं. नाहीतर उकळतं पाणी आचेवरनं उतरवा, दोन मिनिटं थांबून त्यात बी टाका, तसंच चोवीस तास भिजू द्या आणि लावा.

दुसरा कडुनिंब. याच्यात लोक एकच चूक करतात, लिंबोळ्या गोळा करून डब्यात भरून ठेवतात आणि पुढच्या वर्षी लावतात. लिंबोळीची उगवण दोन-तीन आठवड्यांत पडते. झाडाखाली पिवळी लिंबोळी पडली की गर काढून धुवायची, सावलीत वाळवायची आणि आठवड्याच्या आत पिशवीत नाहीतर थेट बांधावर लावायची. कडुनिंबाचं लाकूड फळ्या, पेट्या, कपाटांना चांगलं, वाळवी तशी कमी लागते.

तिसरा बांबू, आणि त्यातला मानवेल, कारण तो आपल्या कोरड्या हवेत तग धरतो आणि जवळजवळ भरीव असतो. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतनं काढला, त्यामुळं आपल्या रानातला बांबू तोडणं सोपं झालंय. खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, बांधावर दोन रोपांत दहा-बारा फूट, रानात सलग लावायचा तर पाच मीटर बाय पाच मीटर म्हणजे हेक्टरी चारशे रोपं. पहिली दोन वर्षं पाणी लागतंच, ज्याच्याकडं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे आहेत त्यानं सलग बांबूच्या नादी लागू नये, दहा-वीस बेटं विहिरीच्या कडेला लावावीत. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड चालू होते आणि मग दरवर्षी मिळतंय, हाच बांबूचा मोठा फायदा.

साग, चंदन, महोगनी, मिलिया याबद्दल खूप लोक विचारतात. दहा वर्षांत एकरी कोटी म्हणून कुणी रोपं विकायला दारात आला तर त्याला एकच विचारा, तू परत विकत घेणार हे स्टॅम्पवर लिहून देणार का, आणि कुठल्या वखारीत याच जिल्ह्यातलं असलं लाकूड विकलं गेलंय ते दाखव. आमच्या भावकीतल्या एकानं असंच ऐकून दीड एकरात महोगनी लावली, तिसऱ्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. मिलिया प्लायवूडला चालतो, सहा-सात वर्षांत तयार होतो, पण त्याला पाणी आणि जवळ प्लायवूडचा कारखाना दोन्ही पाहिजे. हरियाणात यमुनानगरला शेतकऱ्यांच्या पॉप्लर आणि निलगिरीवर प्लायवूडचा एवढा धंदा उभा राहिला तो रान आणि कारखाना शेजारी शेजारी होते म्हणूनच. चंदन अर्धपरजीवी आहे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या मुळातनं अन्न-पाणी ओढतं, शेजारी तूर, करंज असलं आधाराचं झाड नसेल तर वाढत नाही, आणि गाभा धरायला लागला की चोरांपासून राखायचं काम तुमचं.

लावायची वेळ म्हणजे मृगाचा पहिला पाऊस नव्हे, त्याच्यानंतर दोन चांगले पाऊस होऊन एक फूट ओल गेल्यावर. खड्डे मात्र एप्रिल-मे मध्येच काढून उन्हात तापू द्या. बाभळीला, निंबाला दीड फुटाचा खड्डा बास. मुरमाड रानात खड्ड्यात काळी माती आणि शेणखत घाला, काळ्या रानात उलट थोडा मुरूम मिसळा म्हणजे पाणी तुंबत नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरायचं, बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घालायची, आठवड्यातनं एकदा भरलं की झिरपत राहतं. वरनं उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन. माढ्या-पंढरपुराकडं पाचट रानातच पेटवतात ते बघून जीव तुटतो, तेच इथं आणून टाका. आणि शेळ्यांपासून वाचवायला भोवती वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या, फुकटचं कुंपण.

एक काम विसरू नका, झाडं सातबाऱ्यावर चढवा. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करता येते. पाच मिनिटांचं काम आहे, पण उद्या रस्त्यात जमीन गेली, कुणी झाड तोडलं, नाहीतर तुम्हालाच तोडायचंय तर झाड तुमचं आहे हे कागदावर असतं.

पहिली पाच वर्षं छाटणी हेच खरं काम. सरळ बुंधा आपोआप होत नाही. हिवाळ्याच्या शेवटी खालच्या तिसऱ्या भागातल्या फांद्या खोडाला घासून पण साल न सोलता काढायच्या, अंगठ्याएवढी जाड व्हायच्या आत. उशिरा काढली की लाकडात गाठ राहते आणि वखारवाला गाठीवर बोट ठेवून भाव पाडतो. सुबाभूळ, निंब, गिरिपुष्प ही झाडं तोडली तरी बुडातनं परत फुटतात, यांना जमिनीपासून वीतभर ठेवून तिरका काप द्यायचा म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही, मग फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे शेळ्यांना. एकदा लावलं की तीन-चार वेळा लाकूड मिळतं, खोदायचं काम नाही.

आता तोड आणि विक्री, जिथं आम्ही मार खाल्ला.

कायद्याचं आधी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, फणस, अंजन अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाकीच्या झाडांचं पण तोडायच्या आणि गाडी भरायच्या आधी वन विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा, वाहतुकीचा पास लागतो का ते लेखी घ्या. सोलापूर शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथं महापालिकेची परवानगी. व्यापारी म्हणतो मी बघतो सगळं, पण गाडी अडवली की मालक कोण म्हणून तुमच्याच दारात येतात.

मोजमाप शिका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. उभ्या झाडाचा छातीएवढ्या उंचीवर टेपनं घेर घ्या, इंचात. त्याला चारनं भागा, आलेल्याचा वर्ग करा, सरळ बुंध्याच्या लांबीनं फुटात गुणा आणि १४४ नं भागा, हे झालं घनफूट. नेमकं पाहिजे तर घेर बुंध्याच्या मधोमध घ्यायचा, पण अंदाजाला हे चालतं. आमच्या बाभळीचा घेर ४८ इंच, चौथाई १२, वर्ग १४४, लांबी ९ फूट, म्हणजे एका झाडात ९ घनफूट. चार झाडांत ३६ घनफूट सुताराला चालणारं लाकूड, आणि फांद्यांचं जळण वेगळं. नऊ हजारात ते सगळं गेलं. वखारीत बाभळीचा घनफुटाचा भाव विचारा आणि ३६ नं गुणा, तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय. अजून एक, ही चौथाईची पद्धत कापताना वाया जाणारं धरून आहे, गोल लाकूड खरं त्याच्यापेक्षा साधारण २७ टक्के जास्त असतं. म्हणून व्यापारी परत ‘सालीचं वजा, वाकडं वजा’ म्हणाला तर म्हणायचं ते आधीच वजा झालंय.

जळणाचं लाकूड वजनावर जातं, आणि ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. तेव्हा विकायचं असेल तर त्याच दिवशी काट्यावर घाला, आणि घ्यायचं असेल तर वाळलेलंच घ्या. सरसकट मात्र विकू नका, बुंधा वेगळा, फांद्या वेगळ्या.

स्वतःसाठी लाकूड ठेवायचं असेल तर वाळवण नीट पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, उन्हात टाकलेली फळी आठ दिवसांत तडकते. पाणी सगळ्यात जास्त कापलेल्या तोंडातनं जातं म्हणून ओंडका पाडल्या पाडल्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट नाहीतर शेणमातीचा जाड लेप द्या. फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा, वर दगड ठेवा म्हणजे वाक येत नाही. बाभळीचे ओंडके जुने सुतार दोन-तीन महिने विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, आतला रस निघून जातो आणि मग भुंगा लागत नाही. आमच्याकडं ज्या सुतारानं दाराची चौकट केली ते अजूनही म्हणतात, पाण्यात मुरलेली बाभूळ दे, रंधा पण नीट चालतो.

बांबूची तोड पावसाळ्यात कधीच नाही, तेव्हा नवे कोंब येत असतात आणि बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं म्हणून भुंगा पण लगेच लागतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत तोडा. तीन वर्षांच्या वरचेच तोडा, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सोडा, बेटात सहा-आठ तरी उभे राहिले पाहिजेत. मग टिकाऊ करायला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. शंभर लिटर पाण्याला तीन किलो बोरॅक्स, दोन किलो बोरिक ॲसिड, साधारण पाच टक्क्यांचं द्रावण. भरीव बांबू असेल तर उभा चिरा, पोकळ असेल तर आतल्या पेरांच्या पडद्यांना लांब सळईनं भोकं पाडा म्हणजे द्रावण आत जाईल. खड्ड्यात प्लास्टिक अंथरून आठ-दहा दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत उभे वाळवा. हातमोजे घाला, आणि ते पाणी विहिरीजवळ नाहीतर जनावरं पितील तिथं ओतू नका. एक लक्षात ठेवा, हे औषध पाण्यात विरघळतं, त्यामुळं असा बांबू थेट मातीत पुरला तर पावसानं धुऊन जातं. शेडला वापरायचा तर खाली दगडाची नाहीतर काँक्रीटची बैठक द्या, वर पत्र्याची पडवी पुढं काढा. छपराखालचा असा बांबू वर्षानुवर्षं टिकतो.

राहिलं जाळण्याचं. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशावर चालणारा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, आणि केंद्राच्या धोरणात कोळशाबरोबर पाच ते सात टक्के बायोमास, म्हणजे काडीकचरा, लाकूड असलं जळण, जाळायचं आलंय. ऐकायला छान. पण हिशोब करा, एका युनिटला ६००-७०० ग्रॅम कोळसा धरला तर असा प्रकल्प पूर्ण चालला की दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास जाळतो, त्याचे पाच टक्के म्हणजे रोजचे हजार टन. ते झाडं तोडून भरायला गेलो तर आपल्या जिल्ह्यातले बांध उघडे पडत जातील. म्हणून तिथं तुराट्या, पऱ्हाट्या, भुसा, द्राक्ष आणि डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या एवढंच जावं, बुंधा नको. हेच दाबून कांड्या केल्या की व्हाइट कोल म्हणून बॉयलरवाले घेतात, गावात चार-पाच जणांनी मिळून काडी गोळा केली तर गाडीभर माल होतो.

वेड्या बाभळीसाठी मात्र मी वेगळं सांगतो, कारण ती कितीही तोडा, परत येतेच, आणि ती काढलीच पाहिजे. तिचा बायोचार करा, म्हणजे जमिनीत घालायचा लाकडी कोळसा. मोकळ्या जागेत पाच फूट तोंडाचा, अडीच फूट खोल, वर रुंद खाली निमुळता असा खड्डा काढा. मनगटापेक्षा जाड नको आणि खणखणीत वाळलेल्या काटक्या पाहिजेत. तळाला बारीक काड्या पेटवा, चांगला जाळ झाला की वर एक थर टाका, त्याच्यावर पांढरट राख दिसायला लागली की दुसरा थर, असं करत खड्डा भरेपर्यंत. जाळ कायम वर असतो, तो हवा खाऊन टाकतो, म्हणून खालचं लाकूड राख न होता कोळसा होतं. दोन-तीन तास लागतात. भरला की भरपूर पाणी ओता, अगदी पाच-सहा घागरी जास्तच, आत धग राहिली तर सकाळपर्यंत सगळी राख होते. वारं असेल त्या दिवशी करू नका, आणि कडब्याच्या गंजीपासून लांब.

हा कोळसा तसाच रानात टाकायचा नाही. कोरा कोळसा पहिल्या हंगामात जमिनीतलं नत्र ओढून घेतो. फोडून बारीक करा, शेणाच्या रबडीत नाहीतर कंपोस्टमध्ये दोन-तीन आठवडे मुरवा आणि मग टाका. दुसरं म्हणजे आपल्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या पुढं, आणि कोळसा पण अल्कधर्मी असतो. म्हणून माती तपासल्याशिवाय काळ्या रानात जास्त घालू नका. मुरमाड, हलक्या रानात, फळझाडाच्या आळ्यात याचा खरा उपयोग, ओल धरून ठेवतो. आणि यातला कार्बन शेकडो वर्षं जमिनीत राहतो.

राखेचं पण तेच, आपल्या रानात राख शिंपडायची नाही, सामू अजून वाढतो. ती चाळून, थंड करून मूग-मटकीला, तुरीला चोळा आणि बियाणं कोठीत भरा, वर बोटभर राखेचा थर द्या, भुंगा आत शिरत नाही. आमच्या आईचं मटकीचं बी अजून असंच मडक्यात असतं, तोंडाला कापड बांधून.